वेळ चुकलेला प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप समूहावर मोठे वादळ उठले. माझ्या मावसबहिणीला ३१व्या आठवड्यात मुलगी झाली, बाळ अजून काचेच्या पेटीत होते, आणि अशा वेळी नर्सने तिला "तांबी बसवायची का?" असे विचारले. "माणुसकी उरली आहे की नाही," असे काकांनी लिहिले. "अंगावर पाजणार आहे ना, मग हे कशाला?" असे आत्याने. इंग्लंडमध्ये रात्री अकरा वाजता ते सगळे वाचताना मला राग आला तो त्या नर्सचा नव्हे, आपल्या माणसांचा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय आपण दुरुस्त करून, अपेक्षित तारखेपासून मोजतो. आईचे शरीर मात्र प्रत्यक्ष प्रसूतीपासून मोजते. प्रसूतीनंतर २१ दिवसांनी गर्भनिरोधनाची गरज सुरू होते, म्हणजे ३१व्या आठवड्यात आलेले बाळ ज्या दिवशी जन्मायला हवे होते, तो दिवस उजाडेपर्यंत आईला पुन्हा दिवस जाण्याचा धोका सुरू होऊन सहा आठवडे उलटलेले असतात. राहिला आत्याचा मुद्दा. अंगावर पाजण्याचे संरक्षण खरे आहे, पण पाळी आलेली नसावी, बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे आणि ते रात्रंदिवस, फार खंड न पडता केवळ आईला पीत असावे, या तिन्ही अटी एकत्र पाळल्या गेल्या तरच. पेटीतल्या बाळाला दूध नळीने जाते आणि आई ते पंपाने काढत असते, तेव्हा त्यावर कसा भरवसा ठेवायचा? एकदा मूल लवकर झालेल्या बाईचे पुढचेही लवकर होण्याची भीती असते आणि दोन गर्भारपणांतले अंतर कमी पडले की ती वाढते. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर किमान २४ महिने थांबायला सांगते, ते उगीच नव्हे.

इथे मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी सोडण्यापूर्वी विचारते, घरी येऊन आई-बाळाची विचारपूस करणारी नर्स, म्हणजे हेल्थ व्हिजिटर, विचारते, सहा आठवड्यांच्या तपासणीत जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, विचारतो, आणि कोणाच्याही माणुसकीवर डाग पडत नाही. आपल्याकडे गर्भनिरोधन म्हणजे बाईचे ऑपरेशन: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुष नसबंदी ०.३ टक्के. बाळ तगेल की नाही हेच ठाऊक नसताना कायमचा निर्णय कोण घेणार? मग काहीच न करणे हा एकच पर्याय लोकांना दिसतो.

ही तुलना मी माझ्या सोयीने केली आहे, हे मला कळते. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि छाया या गर्भनिरोधक गोळ्या तिकडे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शिवाय छाया ही लखनौच्या प्रयोगशाळेत जन्मलेली, संप्रेरके नसलेली, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालणारी गोळी इथल्या केमिस्टकडे मिळत नाही. आणि १९७६ची, आणीबाणीतली नसबंदीची सक्ती ज्यांनी पाहिली, त्यांना दवाखान्यातल्या या प्रश्नाचा संशय येत असेल, तर तो इथे बसून मोडीत काढण्याचा अधिकार मला नाही.

त्याहून अडचणीची गोष्ट वेगळीच आहे. माझा मुलगा नवजात विभागात असताना मिडवाइफने मला हेच विचारले होते आणि "माझे मूल कुठे आहे ते दिसते आहे ना तुम्हाला?" असे मी तिच्यावर ओरडले होते, काकांपेक्षा कितीतरी कठोरपणे. तिने पत्रक उशाशी ठेवले. मी ते वाचले नाही. चार महिन्यांनी न्हाणीघराचे दार लावून, हातात चाचणीची पट्टी धरून मी बसले होते आणि दुसरी रेघ उमटू नये म्हणून तिकडच्या सगळ्या देवांना हाक मारत होते. ती उमटली नाही. हे मी घरी कोणालाही सांगितलेले नाही.

त्या रात्री समूहावर मी आकड्यांसकट लांबलचक उत्तर पाठवले. सकाळी आत्याचे एकच वाक्य आले होते: "तुमचे तिकडचे वेगळे असते गं." न्हाणीघराची हकीकत मी लिहायला घेतली आणि पुसून टाकली. मग मावसबहिणीला फोन केला, बाळाचे वजन विचारले आणि थोडे थांबून, काय ठरवले आहेस, असे विचारले. ती बराच वेळ बोलली नाही.

"तूसुद्धा?" ती म्हणाली.