मॅन्टलच्या त्या कार्डाबद्दल खुलासा

२०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलेलं अमेरिकी बेसबॉलपटू मिकी मॅन्टलचं बेसबॉल कार्ड (खेळाडूचं चित्र छापलेलं, लोक जमवतात ते) म्हणजे त्याचं पहिलं कार्ड, म्हणून एवढी किंमत, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. पहिलं कार्ड १९५१ चं, बोमन कंपनीचं. विकलं गेलं ते १९५२ चं, टॉप्स या दुसऱ्या कंपनीचं, क्रमांक ३११. त्या वर्षी मालाचा शेवटचा हप्ता, ज्यात हे कार्ड होतं, उशिरा आला, तोवर पोरं फुटबॉलकडे वळली होती. पडून राहिलेली खोकी १९६० मध्ये समुद्रात बुडवली, असं टॉप्सच्या साय बर्गर यांनीच सांगितलं होतं. म्हणून ही कार्डं थोडीच उरली. शिवाय हे कार्ड विलक्षण कोरं, कोपरे अजून टोकदार. नुसत्या जुनेपणाला भाव नाही. १९८०-९० च्या दशकांतली बहुतेक कार्डं आजही कवडीमोलच जातात.