प्लग आमच्याकडूनच सैल राहिला होता

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन जे लिहिलंय ते काल रात्री वाचलं. आमच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला तुमच्या सीएनजी गाडीचे तिन्ही स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) नवे टाकले. आठवड्याभरात पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढाला गाडी मिसिंग करायला, म्हणजे झटके द्यायला लागली, इंजिनातून टिकटिक ऐकू यायला लागली, गॅसचा वास सुटला. तुम्ही गाडी परत आणलीत, तर आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने ‘सीएनजीवर टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतातच’ असं सांगून वाटेला लावलं. शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये तिसऱ्या सिलिंडरचा प्लग सैल निघाला. यातलं काहीही मी नाकारत नाही. चूक आमची आहे, आणि लहान मुलाला घेऊन घाटात थांबावं लागलं त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

आज सकाळी जॉबकार्ड काढलं आणि काम केलेल्या मुलाला समोर बसवून विचारलं. दोन प्लग त्याने टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने आवळले. तिसऱ्याच्या वेळी रेंच दुसऱ्या गाडीवर होता, म्हणून साध्या पान्याने ‘घट्ट लागला’ इथवर आवळून त्याने सोडून दिला. नव्या प्लगच्या बुडाशी जो वायसर असतो तो आतून पोकळ असतो. प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवला की पुढे साधारण अर्धा फेरा आवळल्यावर तो वायसर चेपतो आणि मगच प्लग खऱ्या अर्थाने बसतो. आट्यांत (स्क्रूसारख्या चऱ्यांत) कचरा अडकला असला तर प्लग त्याआधीच अडतो, हाताला मात्र घट्ट लागतो. पुढे इंजिन तापतं, निवतं, थरथरतं, आणि प्लग हळूहळू सुटत जातो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) १४ मिलिमीटर आट्याच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर लागतो. कमी पडलं तर हे असं होतं, जास्त झालं तर हेडचे आटे जातात. हाताच्या अंदाजावर सोडण्यासारखं हे काम नाही, आणि आमच्याकडे ते सोडलं गेलं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते तुम्ही परत आलात तेव्हाचं. टॅपेटचा आवाज आणि सैल प्लगमधून निसटणाऱ्या दाबाचा आवाज कानाला सारखेच वाटतात, कारण दोन्ही इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच येतात. नवा मुलगा फसू शकतो. तरी तपासणं अवघड नव्हतं. एकेका सिलिंडरच्या कॉईलचा (प्लगला वीज देणारा भाग) कपलर, म्हणजे वायरचा जोड, दोन-चार सेकंद काढून बघायचा. आवाज प्लगचा असेल तर त्या सिलिंडरचा जाळ बंद झाल्यावर तो लगेच मऊ पडतो, टॅपेटचा असेल तर तसाच राहतो. शिवाय चढाला, भार आल्यावर आवाज वाढतो असं तुम्ही स्वतः सांगितलं होतं. तेवढ्यावरच कॉईल वर काढून, प्लग बसतो त्या खोल नळीत बॅटरीच्या उजेडात बघायला हवं होतं. तळाशी प्लगभोवती काजळी दिसली असती. (प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर नुसता तपकिरी पट्टा दिसला तर तो गळतीचा नसतो, तो चांगल्या प्लगवरही येतो.) आणि गॅसचा वास येतो म्हणणाऱ्या माणसाला बॉनेट न उघडता परत पाठवणं मला कुठल्याही कारणाने मान्य नाही. हे मी त्या मुलाला सांगितलं, तुम्हालाही सांगतो.

एका गोष्टीत मात्र तुमच्याशी मतभेद आहे. दुसऱ्या गॅरेजने दहा मिनिटांत तोच प्लग आवळून दिला आणि विषय संपला, असं तुम्ही लिहिलंय. ताई, विषय संपलेला नाही. प्लगची उष्णता मुख्यतः त्याच्या बैठकीतून आणि आट्यांतून हेडमध्ये उतरते. सैल प्लगला ती वाट राहत नाही, टोक लालभडक होतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तसं चालत राहिलं तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत जातं. म्हणून तो प्लग पुन्हा वापरू नये. शिवाय गरम इंजिनावर जोर लावला गेला असेल तर ॲल्युमिनियमचे आटे दुखावले असू शकतात, आणि असा प्लग एखाद्या दिवशी आट्यांसकट बाहेर फेकला जाऊ शकतो.

गाडी संध्याकाळी आणून ठेवा, घरी सोडायची सोय मी करतो. सकाळी थंड इंजिनावर, तुमच्यासमोर, आधी हवेने नळ्या साफ करून तिन्ही प्लग मी स्वतः उघडेन. तिसरा नवा टाकेन, बाकीच्या दोघांचे वायसर बघेन. आटे गेलेले निघाले तर हेलिकॉईल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवू, धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडणार नाही याची काळजी घेऊन. या कशाचेही पैसे नाहीत. आधीची मजुरी, प्लगचे पैसे आणि दुसऱ्या गॅरेजचं बिल, तिन्ही मी परत देतो. बिल सोबत आणा.

जॉबकार्डवर आजपासून प्रत्येक प्लगपुढे टॉर्कचा आकडा लिहायची जागा केली आहे, आणि तो आकडा दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही. अभिप्राय काढा असं मी म्हणणार नाही. फक्त गाडी दाखवेपर्यंत तिला घाटात नेऊ नका, आणि पुन्हा टिकटिक किंवा वास आला तर तिथेच बंद करून फोन करा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.