शटर काउंट विचारू नका, वाईट दिसतं

कॅमेरा घ्यायचं ठरलं, हे छान झालं. आता त्याने कशाचे फोटो काढायचे, हा प्रश्न तेवढा मनात येऊ देऊ नका. एकदा का भाचीचं भरतनाट्यम, शिवडीचे फ्लेमिंगो की घरचा गणपती असं काही ठरलं, की निम्मे कॅमेरे यादीतून आपोआप गळतात आणि चर्चेला काही उरत नाही. चर्चा उरली पाहिजे. लाखाच्या आतबाहेर पैसे आहेत. त्यात नवा, मधल्या पट्टीचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्यावा की कुणा व्यावसायिकाने वापरलेली जुनी दणकट बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, हा विषय नीट जपला तर दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पुरतो. तोवर नवं मॉडेल येतंच.

जुन्या प्रो बॉडीची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे वजन. कॅननची १डी एक्स बॅटरी आणि कार्डासकट दीड किलोला टेकते. त्याच कंपनीचा २०२२ सालचा आर१० भरतो ४२९ ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो साखरेपेक्षाही कमी. गळ्यात साखरेची पुडी अडकवलेल्या माणसाला मंगल कार्यालयात कोण वाट करून देणार? दीड किलोवाल्याला गुरुजीसुद्धा 'या, इकडून घ्या' म्हणतात आणि मंगळसूत्र क्षणभर हवेत थांबवतात. त्यावर २४-७० एफ २.८ ही लेन्स चढवलीत की आणखी पाऊण ते एक किलो. हा ऐवज सॅकमध्ये घालून संध्याकाळी सव्वासहाला दादरहून कल्याण फास्ट पकडा. सॅक छातीशी घ्यावी लागते. रॅकवर टाकली तर ठाणं येईपर्यंत मान वरच. दोन महिन्यांत कॅमेरा आपोआप घरी राहू लागेल, आणि घरी राहिलेला कॅमेरा कधी पडत नाही, भिजत नाही, चोरीला जात नाही.

खरेदीला फोर्टात बोरा बाजारला जा. दुकानाला खेटून दुकान आहे, तेव्हा चार ठिकाणी भाव विचारण्याचा मोह होईल, तो आवरा. बरोबर टॉर्च, स्वतःचं मेमरी कार्ड, लॅपटॉप यांतलं काही नेऊ नका. तो अविश्वास झाला. पोचायचं ते शटर खाली यायच्या बेतात असताना. दुकानाचं शटर म्हणतोय, कॅमेऱ्याच्या शटरबद्दल बोलायचंच नाही आहे.

तरी ओघात निघालंच म्हणून. शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याचं शटर आजवर किती वेळा उघडलं-मिटलं, किती फोटो निघाले, तो आकडा. 'साहेब, घरगुती वापर, एकाच हातचा पीस' असं दुकानदाराने म्हटलं की मान डोलवा आणि हिशेब करू नका. हिशेब फार साधा आहे, हीच त्यातली अडचण. लग्नाचा फोटोग्राफर एका दिवसात सहज अडीच हजार क्लिक करतो. वर्षाला चाळीस लग्नं धरली की झाले एक लाख. कॅनन ५डी मार्क थ्रीचं शटर कंपनीने दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं, निकॉन डी८५०चं दोन लाखांसाठी, १डी एक्सचं चार लाखांसाठी. म्हणजे मार्क थ्रीने दीड वर्ष 'घरगुती' वापरात काढलं की तिचा आकडा भरला. आकडा भरला म्हणजे कॅमेरा मेला असं नाही. कित्येक शटरं त्यापुढेही निमूट चालतात, काही मात्र त्याआधीच मान टाकतात. मग फोटोच्या अर्ध्या भागात काळी पट्टी येते किंवा पडद्यावर नुसतं 'एरर' झळकतं, आणि नवं शटर मजुरीसकट पाच आकडी बिल करतं.

पण काउंट विचारणं म्हणजे स्थळ बघायला जाऊन पगाराची स्लिप मागण्यासारखं. शिवाय ते फारच सोपं आहे. निकॉन प्रत्येक फोटोच्या पोटात हा आकडा लिहून ठेवतो, एक ताजा, एडिट न केलेला जेपेग उघडला की दिसतो. १डी एक्स तर मेनूतच सांगते, हजारांच्या टप्प्यांत. ५डीवाल्या मात्र फोटोत काही लिहीत नाहीत, केबल जोडून सॉफ्टवेअरने विचारावं लागतं. तेव्हा तुम्ही आपलं तोंडी विचारा, 'साधारण किती असेल हो?' उत्तर चाळीस हजार येईल. कोणत्याही दुकानात, कोणत्याही बॉडीला, चाळीस हजार.

आता बॉडी हातात घ्या आणि बाहेरून चकाकते का एवढं बघा. ग्रिपचं रबर कोरं करकरीत असेल आणि तळाच्या स्क्रूंची डोकी ओरबाडलेली असतील, तर आधीच्या मालकाला साफसफाईची आवड होती असं समजा. बॉडीवरचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहू नका. बिल नसेल तर प्रश्नच मिटला.

मार्क थ्रीचं कार्डाचं दार उघडलंत तर आत दोन खण दिसतील, एक सीएफचा (कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजे जुनं जाड कार्ड) आणि एक एसडीचा. सीएफच्या खणात तळाशी पन्नास बारीक पिना दोन ओळींत उभ्या असतात, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी असावीत तशा. वरातीच्या घाईत कुणीतरी कार्ड तिरकं रेटलेलं असतं आणि एखादी पिन शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून बसलेली असते. वरून टॉर्च मारला तर हे तीन सेकंदांत दिसतं. म्हणूनच टॉर्च घरी ठेवायला सांगितला. विक्रेता एसडी कार्ड घालून फटाफट दहा फोटो काढून दाखवेल, ते उत्तम येतील. 'सीएफवर काढून दाखवा' म्हणू नका. वाकलेल्या पिनेवर कार्ड पुन्हा रेटलं की ती मोडते, आणि मग तो खण बदलायला बॉडी उघडावी लागते.

सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली पाटी, तपासायची रीत लोक सांगत फिरतात, त्यांच्याकडेही दुर्लक्ष करा. लेन्सचं छिद्र एफ १६ वर, म्हणजे अगदी बारीक, न्यायचं, फोकस मुद्दाम घालवायचा, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तो मोठा करून बघायचा. धुळीचे कण राखाडी ठिपके होऊन उभे राहतात. धूळ पुसता येते, ओरखडा पुसता येत नाही. मग लेन्सवर टोपण लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे जळके पिक्सेल लाल-निळे चमकतात. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांत सीएसएमटीला पोचून खिडकीची जागा मिळते, ती कोण सोडणार?

बॅटऱ्या आणि कार्डं हा तर घरी गेल्यावर उलगडणारा आनंद आहे. निकॉन डी४मध्ये एक खण सीएफचा, दुसरा एक्सक्यूडीचा. १डी एक्स मार्क टूमध्ये सीएफ आणि सीफास्ट. ही कार्डं कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे मिळत नाहीत, आणि ती वाचणारा रीडर वेगळा घ्यावा लागतो. बॅटरी मूळची असेल तर म्हातारी असते, नवी असेल तर बहुधा डुप्लिकेट, आणि डुप्लिकेट बॅटरी अक्षतांपर्यंत भरलेली दाखवते, सप्तपदीला संपते. हा खर्च बॉडीच्या किमतीत धरला तर सौदा तेवढा स्वस्त वाटत नाही. म्हणून धरू नका.

एवढं ऐकून नव्या कॅमेऱ्याकडे वळलात तर तिथेही निराशा होणार नाही. नवं खोकं, नवा वास, दोन वर्षं ज्याचा उपयोग होईल अशी वॉरंटी. ती वॉरंटी भारतातली आहे का हे मात्र विचारू नका. 'बिलाशिवाय देतो, अठरा टक्के वाचतील' हे वाक्य कानावर पडताच पैसे काढा. वाचलेल्या अठरा टक्क्यांत कंपनीचं सर्व्हिस सेंटर ओळख दाखवत नाही, एवढीच त्याची किंमत.

खोक्यात येणारी १८-४५ किट लेन्स हीच आपली जन्माची लेन्स असं माना. पूर्ण झूमला, म्हणजे ४५ला, तिचं छिद्र एफ ६.३ पर्यंत आकसतं; एफचा आकडा वाढेल तितकं छिद्र लहान. २.८च्या लेन्समधून आत येतो त्याच्या पाचवा हिस्सा उजेड. आरतीच्या वेळी दोन ट्यूब आणि समईच्या उजेडात २.८वाला १/१२५ सेकंदाला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० वर भागवतो. तुम्हाला तीच गती हवी तर आयएसओ ८००० लागेल, आणि बाप्पाच्या सोंडेवर रवा पेरल्यासारखं दिसेल. गती कमी करून १/२५ घेतलीत तर मूर्ती स्पष्ट येईल, झांजा वाजवणारे सगळे काका धूर होऊन जातील. शिवडीच्या चिखलावर हीच लेन्स रोखलीत तर फ्लेमिंगो गुलाबी ठिपक्यांइतके येतील. ते सेन्सरवरचे डाग नव्हेत, हे बघणाऱ्याला पटवून द्यावं लागेल.

त्यात सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर जरूर चालू ठेवा. सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो आणि आपल्याकडची स्वस्तातली एलईडी माळ ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मंद होते. दोघांची गाठ पडली की मखरावर आडवे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर, १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की हे पट्टे बहुतेक जातात. पण त्याचा आवाज होतो आणि आवाजाने आरतीत व्यत्यय येतो, असं म्हणत ताशाच्या गजरात सायलेंटच चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते आणि ती करताना जीव कसनुसा होतो. नवा मधल्या पट्टीचा कॅमेरा माणसाचा डोळा शोधून धरून ठेवतो, अगदी चौकटीच्या कडेलासुद्धा. मार्क थ्रीचे ६१ फोकस बिंदू मधोमध गोळा झालेले. पळत्या पोराला कडेला ठेवायचं तर बोटाने बिंदू हलवायचा सराव हवा, वर आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स किंचित पुढे किंवा मागे फोकस करत असेल तर मेनूत जाऊन अधिक-उणे वीसच्या पट्टीवर ती जुळवायची. तोंडी परीक्षाच ती. उलट आर१०मध्ये कार्डाचा खण एकच. कार्ड गेलं की कुणाच्या तरी लग्नाचे फोटो गेले, आणि मुहूर्त पुन्हा लावता येत नाही. दुसऱ्यांची लग्नं पैसे घेऊन काढणाऱ्याने दोन खणांची जुनी बॉडी घ्यावी आणि स्वतःच्या पोरामागे धावणाऱ्याने डोळा धरणारी नवी, इतका सरळ निकाल यातून निघू शकतो. म्हणूनच हा परिच्छेद विसरा.

या घोळात एखादा शहाणा भेटेलच. तो म्हणेल, बॉडी साधी घे, उरलेल्या पैशांत लेन्स घे. त्याच्या नादी लागायचंच असेल तर अर्धवट लागा आणि स्वस्त म्हणून ५० एफ १.८ उचला. आर१०च्या लहान सेन्सरवर ती ८०सारखी वागते. आपल्या साडेतीनशे चौरस फुटांत वाढदिवसाचा केक आणि पोरगं एका चौकटीत बसवायला मागे सरकत जा. पाठ फ्रिजला लागेल, मग दाराला, मग तुम्ही शेजाऱ्यांच्या पॅसेजमध्ये. ३५ घेतली असती तर सोफ्याच्या कडेवरून जमलं असतं. ते शहाण्याने सांगितलं होतं, पण तोवर तुमचं लक्ष केककडे गेलं होतं.

नवा घ्या की जुना, जूनमध्ये दोघांची गत एकच होते, आणि खरी मजा तिथे आहे. पावसाळ्यात मुंबईची हवा आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांवर ओली असते. लेन्सला मानवते चाळीस ते पन्नास टक्के. स्वयंपाकघरातला झाकण घट्ट बसणारा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि काही शे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा, एवढ्यावर काम भागतं. जेलचा रंग उतरला की मंद आचेवर कढईत भाजून पुन्हा वापरता येतं. तुम्ही कॅमेरा चामडी केसमध्ये घाला, कारण चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला ते आवडतं. केस बंद करून कपाटात, पैठण्यांच्या मागे, काळोखात सरकवा. एसी खोलीतून थेट गॅलरीत पावसाचा फोटो काढायला धावा, काचेवर घाम येईल तो सदऱ्याने पुसा. बॅग बंद ठेवून वीस मिनिटं थांबणारे लोक रसिक नसतात.

नवरात्रात कॅमेरा बाहेर निघेल. फोटो थोडे धुरकट येतील, ते 'सिनेमॅटिक' म्हणून चालवून घ्या. दिवाळीत नवं मॉडेल जाहीर होईल आणि हा विकायची वेळ येईल. जाहिरातीत बिनधास्त लिहा: घरगुती वापर, एकाच हातचा, काउंट फक्त नऊशे. पहिल्यांदाच कुणीतरी काउंट खरा लिहिला असेल. गिऱ्हाईक डोंबिवली स्टेशनबाहेर भेटेल, बॉडी फिरवून बघेल, खूश होईल. मग लेन्स काढेल, छिद्र पूर्ण उघडेल आणि मागच्या बाजूने आत उजेड टाकायला मोबाईलचा टॉर्च लावेल. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे त्यालाच आधी दिसतील. तेवढ्यात गाडी आली असं सांगून निघा.