नदीपात्रातील रहिवासी

शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. अर्ज जास्त आले की सोडत निघते आणि तीत घरापासून एक किलोमीटरच्या आतली मुले आधी, एक ते तीन किलोमीटरमधली नंतर धरतात. अंतर संगणक मोजतो. पालकाने नकाशावरचा लाल फुगा आपल्या घरावर नेऊन सोडायचा, एवढेच. माझा अंगठा जाड, मोबाइलची काच तडकलेली. त्यामुळे तो फुगा नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांवरून घसरला आणि नाग नदीत जाऊन बसला.

याचा पत्ता मला नव्हता. सोडतीत मुलीचे नाव आले म्हणून मी गल्लीभर संत्रा बर्फी वाटून मोकळा झालो होतो. पडताळणीच्या दिवशी जन्मदाखला, जातीचा दाखला, नोंदणीकृत भाडेकरार असे सारे काही बिनचूक निघाले, आणि मग पडताळणी करणाऱ्या मॅडमनी पडद्यावरचा नकाशा मोठा करत अगदी शांतपणे विचारले, ‘‘भाऊ, तुम्ही नदीत राहून राहिले का?’’

गंमत अशी की, खऱ्या घरापासून शाळा जेमतेम साडेआठशे मीटरवर आहे आणि नदीतून ती अकराशे मीटर भरते. म्हणजे मी फसवणूक केलीच असेल तर ती स्वतःची केली होती. तरीही ‘अंतर चुकीचे’ असा शेरा पडून प्रवेश नामंजूर झाला. वरच्या समितीपुढे मी दाद मागितली तेव्हा तिची पंचाईतच झाली, कारण अंतराबाबत खोटे बोलणारे सगळे पालक तिने आजवर शाळेच्या दिशेने सरकताना पाहिले होते. ‘‘दूर दाखवण्यामागे तुमचा हेतू काय?’’ या प्रश्नावर सांगण्यासारखा हेतू माझ्यापाशी नव्हता, फक्त अंगठा होता, आणि तो मी दाखवला.

ज्या शहरात झिरो माइलच्या दगडावर हैदराबाद 318 मैल असे कोरले आहे आणि त्यावर कोणीही कधी हरकत घेतलेली नाही, त्याच शहरात मला नंदनवनातले नंदनवन सिद्ध करायचे होते. शेजारच्या काकांनी बांधकामावरचा तीस मीटरचा टेप आणला. काका एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला आणि मधोमध टेपवर बसलेले गल्लीतले कुत्रे, अशी आमची मोजणी दोन सकाळी चालली. शाळेच्या पुढच्या फाटकापर्यंत 847 मीटर भरले आणि मागच्या फाटकापर्यंत 812. काकांचा आग्रह मागच्या फाटकाचा होता. मला मात्र आता एकेका मीटरची धास्ती बसली होती.

शेवटी समितीचे दोघे स्वतः स्थळपाहणीला आले. त्यांनी टेपकडे पाहिलेही नाही. घर पाहिले, विजेच्या मीटरवरचे घरमालकाचे नाव भाडेकराराशी ताडले, चहा घेतला आणि निघाले. चार दिवसांनी आदेश हाती पडला: ‘अर्जदार नदीपात्रात वास्तव्य करीत नसल्याची खात्री झाली असून प्रवेश कायम करण्यात येत आहे.’

मुलगी आता शाळेत जाते. तो आदेश मात्र बायकोने प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये नाग नदी शहरात घुसली होती, ते ती विसरलेली नाही. पुन्हा तशी दाराशी आली, तर हा कागद तिला दाखवायचा, असे तिचे म्हणणे आहे.