जॅक लेस्लीची गोष्ट त्या एका सामन्यापुरती सांगू नका

जॅक लेस्ली या जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूचं नाव निघालं की एकच गोष्ट सांगितली जाते. १९२५ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघात त्याची निवड झाली, तो कृष्णवर्णीय आहे हे वरच्यांच्या लक्षात आलं आणि नाव कापलं गेलं. गोष्ट खरी आहे, आजही वाचताना संताप येतो. पण जो माणूस एका क्लबसाठी सुमारे ४०० सामने खेळला, त्याची ओळख न खेळलेल्या एका सामन्यापाशीच थांबावी हे मला अजिबात पटत नाही.

लेस्लीचा जन्म १९०१चा, पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउनमधला. वडील जमैकाचे, आई इंग्लिश. बॉयलर बनवण्याचं काम शिकलेला हा पोरगा बार्किंग या स्थानिक क्लबकडून खेळायचा. १९२१मध्ये प्लिमथ शहराच्या प्लिमथ अर्गाइल या क्लबने त्याला घेतलं आणि तो इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या त्या बंदराच्या गावी गेला. जागा इनसाइड लेफ्टची, म्हणजे डावीकडच्या आतल्या आक्रमकाची. त्याच्या बाहेर डाव्या विंगवर सॅमी ब्लॅक हा स्कॉटिश खेळाडू, जो पुढे क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा ठरला. लेस्लीचे १३७ धरले तर दोघांचे मिळून तीनशेवर गोल होतात. डावी बाजू म्हणजे या दोघांचीच.

आणि आता तो भाग, जो मला सगळ्यात जास्त भिडतो. अर्गाइल तेव्हा इंग्लिश लीगच्या तिसऱ्या विभागाच्या दक्षिण गटात होता, आणि तिथून फक्त पहिला आलेला संघ वरच्या विभागात जायचा. दुसऱ्याला काहीच नाही, बढतीसाठी जादा सामने, म्हणजे प्लेऑफ वगैरे तर दूरच. अर्गाइल १९२१-२२पासून १९२६-२७पर्यंत सलग सहा हंगाम दुसरे आले. सहा! पहिल्या वेळी तर साउथॅम्प्टनइतकेच गुण होते, गोलच्या सरासरीवर संधी गेली. हंगामभर चिखलात झुंजायचं, उन्हाळ्यात पुन्हा त्याच विभागात उभं राहायचं, आणि हे सहा वर्षं. लेस्ली पहिल्यापासून त्या संघात होता आणि टिकून राहिला.

१९२५च्या उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. पास मिळताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यात तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं आणि सगळीकडे गोलांचा पाऊस पडला. त्याच शरद ऋतूत व्यवस्थापक बॉब जॅक यांनी लेस्लीला बोलावून सांगितलं, तुझी इंग्लंडसाठी निवड झालीय. तिसऱ्या विभागातल्या खेळाडूसाठी ही फार दुर्मीळ गोष्ट. पण अशक्य नव्हे; त्याच ड्रेसिंग रूममधला मोझेस रसेल वेल्सकडून खेळत होताच. लेस्लीचं नाव वर्तमानपत्रांतही छापून आलं. मग ते गायब झालं आणि त्याच्या जागी ॲस्टन व्हिलाचा बिली वॉकर आला. कारण कुणीही जाहीर केलं नाही. म्हातारपणी लेस्लीनेच सांगितलं की निवड करणारी माणसं पुन्हा पाहायला आली होती, पण त्याचा खेळ नव्हे, चेहरा पाहायला.

तेव्हा इंग्लंडचा संघ एक प्रशिक्षक निवडत नसे. फुटबॉल असोसिएशनची समिती बसायची, तिच्यात क्लबांचे संचालक आणि पदाधिकारी. अशा बैठकीतला अन्याय कुणा एकाच्या अंगाला चिकटत नाही, आणि म्हणूनच मला तो जास्त चीड आणणारा वाटतो. ज्या सामन्यासाठी लेस्लीची निवड झाली होती त्यात, २४ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये आयर्लंडविरुद्ध, इंग्लंडला एकही गोल करता आला नाही, सामना ०-० सुटला. त्याच दिवशी अर्गाइलने बोर्नमथला ७-२ हरवलं. लेस्लीचे दोन गोल.

इंग्लंडच्या वरिष्ठ संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, उतरला तो १९७८मध्ये. लेस्ली तेव्हा ७७ वर्षांचा होता.

त्याच्या उतारवयातल्या नोकरीबद्दल लोक फार हळहळतात. वेस्ट हॅम युनायटेडमध्ये तो खेळाडूंचे बूट साफ करायचा, इंग्लंडला १९६६चा विश्वचषक जिंकून देणाऱ्या बॉबी मूर आणि जेफ हर्स्टचेसुद्धा. मला ती हळहळ खटकते. कष्टाचं काम आयुष्यभर केलेल्या माणसाने पुन्हा फुटबॉलच्या जवळ राहायचं ठरवलं, यात त्याची मान खाली जाण्यासारखं काय आहे? कमीपणा असलाच तर तो त्याला देशाकडून खेळणाऱ्याला मिळणारी मानाची टोपी नाकारणाऱ्यांचा.

१९८८मध्ये लेस्ली गेला. २०२०मध्ये चाहत्यांनी मोहीम उभारली, लोकवर्गणीतून एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये अर्गाइलच्या होम पार्क मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. २०२३मध्ये असोसिएशनने मरणोत्तर मानाची टोपी त्याच्या नातींच्या हाती दिली. टोपी दिली हे चांगलंच झालं. पण माझ्या मते पुतळ्याचं मोल जास्त आहे, कारण तो ज्या गावाने त्याला खेळताना पाहिलं त्या गावात आहे.

मला विचाराल तर लेस्लीची गोष्ट मी १९२९-३०च्या हंगामापासून सुरू करीन. सहा वेळा हुकलेलं अजिंक्यपद त्या वर्षी अर्गाइलने जिंकलं आणि संघ दुसऱ्या विभागात गेला. तिथेही लेस्ली खेळला, संघाचा कर्णधार झाला. बेलफास्टचा सामना त्यानंतर सांगेन, सविस्तर सांगेन, पण त्यानंतरच.