दरवाजा हाच स्पीकरचा डबा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सूर चिडलेला आहे, पण स्वतःचे पैसे घालून आणि स्वतःच्या गाडीत बसून ऐकलेल्या माणसाची ती चीड आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की गाडीतला आवाज सुधारायचा असेल तर पहिला पैसा पुढच्या दोन दरवाजांना आतून शीट लावून त्यांची भोकं बंद करण्यावर घाला, मग पुढच्या स्पीकरवर. अॅम्पचं (स्पीकरना जास्त ताकद देणाऱ्या वेगळ्या यंत्राचं) त्यानंतर बघा, आणि वूफरची, म्हणजे फक्त बास (खालचे, जाड सूर) वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, गरजच नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं: पत्र्याला पट्ट्या चिकटवून काही होत नाही, आवाज वॉटमधून येतो. धावत्या गाडीच्या गोंगाटात बारकावे शोधणं म्हणजे शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांचे लाड. आणि दरवाजे उघडायला सांगून मी लोकांची वॉरंटी घालवतोय. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंत की १० इंची वूफर आणि चार चॅनलचा अॅम्प बसवल्यावर बास भरपूर आहे, पण गाणाऱ्याचा आवाज नक्की कुठून येतो तेच कळत नाही, आणि आवाज वाढवला की कान दुखतात.

त्या शेवटच्या ओळीवर मी परत येणार आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत तीच सर्वात महत्त्वाची आहे.

आधी वॉरंटी. इथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. नव्या गाडीचा दरवाजा खोलण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा, जमलं तर लेखी घ्या, हे मी लिहायला हवं होतं. शिवाय कंपनीची एकही तार कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात, एका बाजूला गाडीचं वायरिंग आणि दुसऱ्या बाजूला नवा स्पीकर किंवा स्टिरिओ. माझ्या पहिल्या गाडीत बसवणाऱ्याने कपलर छाटून तारा पिळल्या आणि वर टेप गुंडाळली. दुसऱ्या पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं पडलं, डावा स्पीकर खड्ड्यागणिक बंद-चालू व्हायला लागला, आणि सर्व्हिस सेंटरने कापलेलं वायरिंग बघून हात वर केले. हे सगळं स्वतः भोगूनही मी लिहायला विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

पण दरवाजाच्या बाबतीत मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

स्पीकरचा कोन, म्हणजे आतबाहेर हलणारा त्याचा पडदा, पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे मागून निघणारा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. हे दोन्ही एकमेकांत मिसळले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. घरातला एखादा स्पीकर डब्यातून काढून नुसता हातात धरून वाजवून बघा, बास गेलेला असतो. वॉट तेवढेच, स्पीकर तोच, फक्त डबा नाही. गाडीत तो डबा म्हणजे दरवाजा. आणि तो कसला डबा असतो?

आतलं पॅनल काढलं की आधी एक पातळ प्लॅस्टिक दिसतं, काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेलं. ते हळूच सोडवलं की आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं, तळहात आरपार जाईल एवढी, काचेची यंत्रणा बसवता यावी म्हणून ठेवलेली. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर तुमचा साडेसहा इंची स्पीकर. त्याचा मागचा आवाज त्या भोकांतून सरळ आत येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा, ‘टण्ण’ वाजून तो थरथरत राहतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी मी हेच केलं. बाहेरच्या पत्र्याच्या आतून ब्युटाइल रबराचे, वर अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेले शीट लावले, साधारण तिसरा हिस्सा झाकेल एवढेच. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मग आतल्या पत्र्याची भोकं पातळ अॅल्युमिनियमच्या तुकड्यांनी बंद केली आणि त्यांवरही शीट चिकटवला. त्याच ठिकाणी टिचकी मारली तर ‘ठक’, आणि पुढे काही नाही. कंपनीचेच स्पीकर परत बसवले. भजनातला पखवाज, जो आधी पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा वाजायचा, त्याला पोट आलं. अॅम्प तेव्हा गाडीत नव्हता.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दरवाजात उतरतंच, ते खालच्या बारीक भोकांतून बाहेर जातं. ती भोकं बुजवली तर दरवाजा आतून गंजेल. आणि स्वस्तातला डांबराचा शीट घेऊ नका. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो पाघळतो आणि आतून डांबराचा वास येत राहतो. तुम्ही ‘पट्ट्या’ म्हणून ज्याची हेटाळणी केलीत तो हा डांबरी माल असेल, तर तुमचा अनुभव मला समजतो.

आता वॉट. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॉट × ४’ छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर गाडीतल्या नेहमीच्या चार ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध) स्पीकरला स्टिरिओची आतली चिप स्वच्छ असे १८ ते २२ वॉटच देऊ शकते. छापलेला आकडा आवाज फाटल्यानंतरचा असतो. म्हणजे वेगळ्या अॅम्पचा फायदा होतो हे खरंच. पण वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. उघड्या भोकांमुळे मरणारा बास वॉट ओतून भरून काढणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

गोंगाटाबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मान्य. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर टायरची घरघर मुख्यतः खालच्या सुरांत असते आणि ती नेमका बासच झाकते. हायवेवर वूफर कामाला येतो. ‘वूफरची गरजच नाही’ हे माझं वाक्य जास्त टोकाचं होतं. पण गाणाऱ्याचा आवाज, शब्द, टाळांची किणकिण हे सगळं पुढच्या स्पीकरमधूनच येतं. डिकीतला वूफर त्यात काहीच करू शकत नाही. आणि लाडांचं म्हणाल, तर ढोलकीची चाट आणि घुमक वेगवेगळी ऐकू यावी यासाठी शास्त्रीय गाणं कळायला लागत नाही. लावणी आवडत असली तरी पुरे.

आता तुमची शेवटची ओळ. आवाज कुठून येतो कळत नाही, याचं मला वाटणारं पहिलं कारण म्हणजे पुढच्या एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. मग मधोमध ऐकू यायला हवा तो गळा पसरतो आणि पुढचा बासही जातो. तो गेला म्हणून वूफर वाढवला जातो आणि गळा आणखी मागे पडतो. असं करा: वूफर पूर्ण बंद करा. मर्दानी आवाजातलं, ओळखीचं गाणं लावा. बॅलन्स (आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटणारी सेटिंग) मधोमध ठेवून ऐका, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. एकच बाजू वाजताना बास जास्त आणि दोन्ही वाजताना कमी, असं असेल तर तारा उलट्या आहेत. खात्री करायला स्पीकरच्या तारा अॅम्पपासून सोडवून त्यांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. धनला धन लागलं असेल तर कोन बाहेर उसळतो.

कान दुखण्याचं कारण बहुधा अॅम्पचा गेन. ते आवाजाचं बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अॅम्प यांचा मेळ घालायला ते असतं. बास बूस्ट (अॅम्पवरचं बास वाढवायचं बटण) शून्यावर आणा, गेन पूर्ण कमी करा, स्टिरिओचा आवाज पाऊण भागापर्यंत न्या आणि मग गेन हळूहळू वाढवा. आवाज चिरकायला लागला की थोडं मागे येऊन तिथेच सोडा. पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारी सेटिंग) लावा, म्हणजे वूफरचं काम ते करायला जाणार नाहीत.

एवढं करूनही गळा उजवीकडे ओढलेला वाटला, तर ते अंतरामुळे. चालवणाऱ्याला उजवा दरवाजा जवळ. डावा समजा अर्ध्या मीटरने लांब असेल, तर उजवीकडचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि कान तिकडेच वळतो. तुमच्या स्टिरिओत टाइम अलाइनमेंटची (एखाद्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडण्याची) सोय असेल तर उजव्या स्पीकरला तेवढा उशीर द्या. नसेल तर त्यासाठी आत्ता काही नवं घेऊ नका.

वॉरंटी आणि वूफर, दोन्ही दुरुस्त्या मूळ लेखात आज दुपारी घातल्या आहेत. बॅलन्सची चाचणी पाच मिनिटांची आहे. ती कराल तेव्हा काय ऐकू आलं आणि कुठल्या दरवाजाच्या तारा उलट्या निघाल्या, ते इथे नक्की लिहा.