टायर आतून झिजला म्हणून स्ट्रट वाकवून घेऊ नका

टायरच्या झिजेवरून गाडीचा दोष ओळखण्याचा एक मजकूर ग्रुपांवर सतत फिरत असतो, आणि टायरच्या दुकानातही तेच ऐकू येतं. टायर एका कडेने झिजला की कॅम्बर बिघडलाय, मशीन लावून सेट करून घ्या. टायरवर उंचवटे पडले तर बॅलन्सिंग करा. हवा टायरवर लिहिलीय तेवढी भरा. आणि दर ५,००० किलोमीटरला अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केली की बाकी काही बघायला नको. यातली एकही गोष्ट पूर्ण खरी नाही, आणि पहिली तर गाडीचं नुकसान करणारी आहे.

“आतली कड झिजली म्हणजे कॅम्बर आउट”

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक उभ्या रेषेपासून किती कललंय ते. टो म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर. आतली कड दोन्हींमुळे झिजते, पण झिजण्याची तऱ्हा वेगळी असते आणि ती हाताला कळते. गाडी बंद करा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि आधी टॉर्चने बघा, कारण आतली तार उघडी पडली असेल तर हात कापतो. मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत लागलं आणि एकच कड उतरती झाली असेल तर संशय कॅम्बरवर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं बोचत असेल तर टो चुकलाय. बाहेरून आत येताना बोचलं तर टो-आउट, त्यात आतली कड जाते. आतून बाहेर जाताना बोचलं तर टो-इन, त्यात बाहेरची.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण टायर खाण्यात टो फार पुढे असतो. चाकाचा टो ०.१ अंशाने चुकला तरी ते दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवं घासलं जातं. ५,००० किलोमीटरमध्ये हे घासणं पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास जातं.

आता ‘कॅम्बर सेटिंग’कडे या. स्विफ्ट, वॅगनआर, आय२० अशा गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब. पुढच्या चाकांचा टो टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) फिरवून जुळवता येतो. कॅम्बर जुळवायची वेगळी सोय अशा गाड्यांत बहुधा नसतेच. मग दुकानात कॅम्बर ‘काढतात’ तो कसा? हायड्रॉलिक मशीन अडकवून स्ट्रट किंवा नकल (चाकाचा हब धरणारा भाग) चक्क दाबून वाकवतात. स्ट्रटच्या नळीत दांडा सरळ रेषेत सरकायला हवा. नळी किंचितही वाकली की दांडा एका बाजूला घासतो, सील जातं आणि तेल गळू लागतं. अलाइनमेंट मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा तेवढा हिरवा, म्हणजे मर्यादेत, झालेला असतो.

कॅम्बर खरोखर बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय. खड्ड्यात किंवा फुटपाथवर आपटून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा स्ट्रट वाकतो, स्प्रिंग बसते, क्लचच्या कामासाठी खाली उतरवलेला सबफ्रेम (लोअर आर्म ज्याला जोडतात तो सांगाडा) परत बसवताना जागेवरून हलतो. डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर वाकलेला भाग शोधायचा आणि बदलायचा. चांगला भाग वाकवून वाईटाशी जुळवणं ही दुरुस्ती नव्हे.

दोन्ही पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा गोलाकार झिजल्या असतील तर मात्र आधी हवा बघा. हवा बरोबर असेल आणि रोजची ये-जा ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटातून असेल, तर दोष बहुतेक वळणावरच्या वेगाचा आहे.

“मशीनवर सगळं हिरवं आलं, म्हणजे गाडी ठीक”

मशीन उभ्या गाडीची मापं घेतं. लोअर आर्मचा मागचा रबरी बुश फाटला असेल तर ब्रेक दाबताना चाक मागे सरकतं आणि टो बदलतो. उभ्या गाडीत ते दिसत नाही, म्हणून रिपोर्ट हिरवा आणि टायर तरीही संपत राहतो. अलाइनमेंटच्या आधी चाकातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, तपासलाच पाहिजे. गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवा. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा. खडखड आली तर दोष टाय रॉडच्या टोकाचा (टाय रॉड एंड) किंवा स्टिअरिंगच्या रॅकचा. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथला प्ले बॉल जॉइंटचा (लोअर आर्म आणि नकल जोडणारा सांधा) किंवा बेअरिंगचा. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

मागच्या चाकांबद्दल एवढंच, की या गाड्यांच्या मागच्या अॅक्सलला टो किंवा कॅम्बर जुळवायची सोय नसते. मागचा टायर एका कडेने जात असेल तर अॅक्सल, त्याचा बुश किंवा हब तपासावा लागतो.

“उंचवटे पडले, बॅलन्सिंग करा”

बॅलन्सिंग चुकलं की साधारण ८० ते १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. ठरावीक अंतरावर वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर पहिला संशय शॉकअपवर घ्या. शॉकअप दबला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उडत उडत चालतं आणि जिथे आदळतं तिथे रबर खातं. शॉकअपवर ओलं तेल दिसतंय का ते बघा. शॉकअप तसाच ठेवून नवे टायर घातले तर तेही तसेच झिजतील.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागच्या टायरची नक्षी चाकाच्या फिरण्याच्या दिशेने पायरी-पायरीसारखी झिजते. हात गोलाईच्या दिशेने फिरवला की कळतं. हे बहुधा टायरच्या जागा वेळेवर न बदलल्याने होतं. त्याचा घुर्र आवाज बेअरिंगसारखा येतो आणि चांगली बेअरिंगं फुकट बदलली जातात. आधी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून बघा. आवाज टायरबरोबर गेला तर बेअरिंग निर्दोष.

“टायरवर लिहिलेली हवा भरा”

टायरवरचा आकडा, समजा ४४ किंवा ५१ पीएसआय, ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, बहुतेक छोट्या गाड्यांत तिशीच्या आसपास. कमाल भरलीत तर टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. कमी भरलीत तर दोन्ही कडा जातात. माप थंड टायरचं घ्या, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी हवी. गरम टायर ४-५ पीएसआय जास्त दाखवतो, तेवढी काढून टाकू नका.

“दर ५,००० ला अलाइनमेंट”

ठरलेल्या किलोमीटरपेक्षा कारण बघा: मोठा खड्डा बसला, टाय रॉड किंवा आर्म बदलला, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). ओढ दुसरीकडे गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर थोडं चालवून रिमजवळ हात न्या. एक रिम जास्त गरम लागला तर ब्रेक चिकटतोय. टायर मात्र दर ८,००० ते १०,००० ला जागा बदलून घ्याच. अलाइनमेंट करून घेतलीत तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रिपोर्ट छापून मागा. त्यात पुढचा टो बदललेला दिसेल. कॅम्बरचा आकडाही बदलला असेल तर कोणता भाग हलवला किंवा बदलला, ते दुकानातून निघण्याआधी विचारा.